बेटावर वाळत घातलेली साडी

एकदा मी एक साडी वाळत घातली आणि त्यापायी नदीच्या दोन्ही काठांवरची माणसं हातातली कामं टाकून पळत सुटली. एक नर्स गुडघ्यापर्यंत भिजली, एका म्हाताऱ्या माणसाला धाप लागली, आणि दिवस भरत आलेल्या एका पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. माझ्या नातीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पण आजी, साडी वाळत घालण्यात चूक काय?" अगदी हेच मलाही त्या दिवशी वाटलं होतं. म्हणजे त्या बाबतीत माझी आणि नातीची अक्कल सारखीच. फरक एवढाच, की ती नऊ वर्षांची आहे, आणि मी तेव्हा छत्तीस वर्षांची, बी. ए. झालेली बाई होते.

बी. ए. झालेली हे मुद्दाम सांगते, कारण तेव्हा मीही ते मुद्दाम सांगत असे. कवठे येमाईच्या पुढच्या एका वस्तीवर माझं माहेर. तिथून एस. टी. ने शिरूरला जाऊन मी कॉलेज केलं. पुढे रेल्वेतला नवरा मिळाला आणि मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत आले. घरात नळ, दारात दिवा, खिडकीतून चोवीस तास गाड्या. आपण आता शहरातल्या झालो, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं. आमचे हे मालगाडीवर गार्ड. ते दोन-दोन दिवस ड्युटीवर असत, मुलं शाळेत, आणि मला अक्कल पाजळायला वेळच वेळ असे.

आमच्या कॉलनीत बुधवारी आणि रविवारी एक मासेवाली मावशी यायची. डोक्यावर पाटी, पाटीवर ओलं फडकं, आणि आवाज असा की तिसऱ्या लायनीतल्या मांजरी पहिल्या लायनीत हजर. ती भीमेतल्या एका बेटावर राहायची. दौंडच्या घाटावर उभं राहिलं की ते बेट समोर दिसे. चारदोन बाभळी, सात घरांची छपरं, आणि उन्हाळा जवळ आला की वाळूवर पसरलेले कलिंगडाचे वेल. खाली बंधारा घातल्यापासून नदीत बारा महिने पाणी तुंबून असायचं, त्यामुळे जाण्यायेण्याला पायवाट अशी नव्हतीच. "या की ताई एक डाव बेटावर," मावशी दर खेपेला म्हणायची. "हितं येतंय ते पाटीत आचके दिलेलं. तिथं जित्ता मासा चुलीवर टाकून घालते."

आचके दिलेलं हा शब्द माझ्या मनात बसला. एका मार्च महिन्यातल्या सकाळी मुलांना शाळेत धाडलं, ह्यांचा डबा भरून दिला, आणि मी निघाले. निघाले कशी, ते सांगायला आज लाज वाटते. पिवळी सिंथेटिक साडी, तिला जांभळे काठ. उंच टाचांच्या चपला. साडीला मॅचिंग पर्स. आणि डोळ्यांना काळा गॉगल, जो खरं तर ह्यांचा होता आणि नाकावरून सारखा घसरत होता. सात घरांच्या वस्तीवर मासे खायला चाललेली बाई आणि लग्नाला चाललेली बाई ह्यांत त्या काळी मी फरक करत नसे.

घाटावर काहील लागलेली होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. गुऱ्हाळात उसाचा रस उकळायला जी भली मोठी लोखंडी कढई असते, ती काहील. जुनी झाली की तिला भेगा बुजवून, डांबर फासून नदीत सोडायची आणि तिच्यात बसून पैलतीर गाठायचा. मला वाटलं होतं नाव असेल, शिडाची नसली तरी निदान लाकडाची. गूळ करायच्या भांड्यात बसून नदी ओलांडायची ह्या कल्पनेनं माझ्या शहरीपणाला जरा धक्काच बसला.

काहील चालवणारे चाचा साठीचे असावेत. तेही बेटावरचेच. त्यांचे वडील आणि वडिलांचे वडील ह्याच पाण्यावर वल्हं मारत आले होते. दिवसभर ते घाटावर, ह्या बाजूला बसत, कारण उतारू ह्याच बाजूनं जास्त. त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं, गॉगलकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाले, "वैनी, मधी बसा. आन् काय बी झालं तरी उठू नका."

"मला माहितीये," मी म्हणाले.

काय माहिती होतं कुणास ठाऊक! आमच्या वस्तीवर पाणी म्हणजे विहिरीच्या काठावरून वाकून बघायची गोष्ट. नदीच्या मधोमध मी त्याआधी कधी गेलेच नव्हते.

काहिलीत माझ्याबरोबर दोन बायका, एक शेळी आणि एक गॅसची शेगडी होती. अर्धी नदी ओलांडली असेल नसेल, मी मान वर करून पाहिलं तर समोर दौंड! घाट, पिंपळ, पलीकडे रेल्वेची पाण्याची टाकी. म्हणजे हा माणूस आपल्याला गुपचूप परत नेतोय! आता कॉलेज झालेल्या बाईनं गप्प बसावं का? मी ताडकन उभी राहिले आणि हात करून ओरडले, "अहो चाचा, उलटं चाललात तुम्ही! दौंड आलं!"

पुढचं थोडक्यात सांगते. काहील कलंडली, बादलीभर पाणी आत आलं, शेळी माझ्या अंगावर आली आणि मी त्या पाण्यात बसले. गॉगल भीमार्पण झाला. त्या दोन बायका तोंडाला पदर लावून गदगदा हलत होत्या. चाचा मात्र हसले नाहीत. वल्हं मारता मारता म्हणाले, "काहिलीला तोंड न्हाई आन् पाठ न्हाई, वैनी. ती गरगरा फिरत फिरतच जाती. आता पुन्यांदा दौंड दिसंल, पर उठू नका."

बेटावर मावशी वाट बघत उभीच होती. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "ताई, मासे मी धरून ठिवल्यात. तुम्ही कशाला पाण्यात उतरलासा?"

तिनं मला तिचं एक नऊवारी लुगडं नेसायला दिलं. ते नेसायला मला तिच्या सुनेची मदत घ्यावी लागली. ही सून वीस-एकवीस वर्षांची, बारीक चणीची, नववा महिना लागलेला. पोट पुढे आणि बोलणं मागे, अशी पोर. तिचा नवरा सणसवाडीला एका कंपनीत कामाला होता, तिथंच चौघांत खोली करून राहायचा आणि आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा. मी माझी चिखलानं माखलेली साडी काठावर खळबळून काढली, तेव्हा सून म्हणाली, "तिकडं वाळूवर पसरा काकू. घटकाभरात वाळंल."

मी बघितलं तर खरंच, बेटावरच्या सगळ्या बायकांची धुणी वाळूवर नाहीतर कुंपणावर पसरलेली होती. माझी सिंथेटिक साडी आणि वाळूत? सून भाकरी थापायला आत गेली, मावशी मासे साफ करायला बसली, आणि मी साडी हातात घेऊन फिरले. उतरायच्या जागी, अगदी पाण्याच्या कडेला, एक उंचच उंच बांबू उभा होता. बाभळीला तारेनं घट्ट बांधलेला. त्याच्या टोकाला लोखंडी कडी आणि कडीतून ओवलेली नायलॉनची दोरी. ऊन भरपूर, वारा भरपूर, आणि त्यावर एक चिंधीसुद्धा नाही! इतकी सुरेख सोय डोळ्यांसमोर असताना ही माणसं कपडे वाळूत घालतात, ह्याची मला त्यांच्या वतीनं खंत वाटली. शाळेत असताना एकदा मी पंधरा ऑगस्टची झेंड्याची दोरी ओढली होती. त्या अनुभवाच्या जोरावर मी साडीचं टोक दोरीला बांधलं आणि सरसर वर चढवली. पिवळी साडी वाऱ्यावर अशी काही फडफडली की काय सांगू! मी दोन पावलं मागे जाऊन मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलंसुद्धा. जाताना मावशीला ही युक्ती शिकवून जायचं, हेही ठरवलं.

मग जेवायला बसलो. मावशीनं मरळ मासा केला होता, लसूण आणि लाल तिखट लावून तव्यावर. बाजरीची भाकरी, कांदा. मी तिसरी भाकरी मोडत होते तेवढ्यात बाहेर गलका झाला.

काहील येत होती. पण कशी! सकाळी आमच्या वेळी ती डुलत, गिरक्या घेत आली होती. आता एका बाजूनं चाचा आणि दुसऱ्या बाजूनं एक गडी वल्ही मारत होते, चाचा ओरडतही होते, आणि त्यांच्या पायाशी पांढऱ्या साडीतली एक नर्स बॅग पोटाशी धरून बसली होती. वर, बाळंतिणीला उचलून न्यायला, एक उलटी घातलेली बाज. काहील टेकायच्या आत नर्सनं पाण्यात उडी टाकली. बेटावरच्या सातही घरांतून बायका-माणसं बाहेर पडून मावशीच्या झोपडीकडे धावत सुटली. कुणाच्या हातात कोयता, कुणाच्या हातात कणकेचा गोळा.

"कुठाय बाळंतीण? पाणी गेलं का? कळा कधीपासून आहेत?" नर्स दारातूनच ओरडली.

सून चुलीपुढून भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी उठली आणि म्हणाली, "कोन बाळंतीण?"

सगळे थांबले. मग एकेकाची मान बांबूकडे वळली. वर माझी पिवळी साडी जांभळ्या काठासकट मजेत फडफडत होती.

"ही कुनाची साडी?" चाचांनी विचारलं.

मला आयुष्यात अनेकदा खोटं बोलावंसं वाटलं आहे, पण त्या दिवशी वाटलं तितकं कधीच नाही. पण नऊवारीत नीट उभंही न राहता येणारी, बोटांना मासा लागलेली, बेटावर नवखी अशी मी एकटीच होते. मी म्हणाले, "माझी. वाळत घातली होती."

नर्स मटकन बाजेवर बसली. "मी डोस पाजायचे सोडून आले," ती म्हणाली. "पोरं रांगेत उभी आहेत तिकडे." आणि मग, मला आजही आठवतं, तिनं तव्याकडे बघितलं आणि विचारलं, "मरळ का?" मावशीनं मुकाट्यानं तिलाही ताट वाढलं.

त्या बांबूचं सगळं मला तेव्हा कळलं. मावशीनंच सांगितलं, नेहमीचा आवाज खाली आणून. दोन वर्षांमागे सून पहिलटकरीण होती. माहेरी पाठवायच्या आधीच, आठव्या महिन्यात तिला कळा लागल्या. काहील पलीकडे होती. वारा उलटा. इकडून सगळ्यांनी हाका मारून घसे फोडले, पण चाचा घाटावर उतारूंकडे तोंड करून, बेटाकडे पाठ करून बसलेले. पोरं पोहून पलीकडे गेली, काहील आली, पण उशीर झाला. बाळ गेलं. सून कशीबशी राहिली. त्यानंतरच्या आठवड्यात चाचांनी स्वतः तो बांबू आणून रोवला. दिवसा त्यावर लुगडं दिसलं, की काय हातात असेल ते टाकून यायचं, वाटेत दवाखान्यातली नर्स उचलायची, असा सगळ्यांचा बोल झाला. बेटावरचं शेंबडं पोरसुद्धा त्या दोरीला हात लावत नसे. आणि चाचा तेव्हापासून घाटावर बसत ते बेटाकडे तोंड करून.

हे ऐकून मी हातातली भाकरी ताटात ठेवली आणि उठले.

चाचा दाराबाहेर दगडावर बसले होते. त्यांची धाप अजून बसली नव्हती. मी जाऊन म्हणाले, "चाचा, चुकलं माझं. मला माहिती नव्हतं."

"व्हय," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. "तुम्हाला कोन सांगनार? पर वैनी, आज मी काहील अशी मारली की छातीत कळ आली. पुढल्या बारीला लुगडं दिसलं, तर पयलं मनात येईल, आली असंल कुनीतरी पावनी. येईन मी. न्हाई असं न्हाई. पर बिडी इझवून येईन."

सून दारातच उभी होती. तिनं ते ऐकलं. हात धुतले, चालत बांबूपाशी गेली, सावकाश दोरी सोडून साडी खाली घेतली, चार घड्या घालून माझ्यापुढे आणून ठेवली. साडी वाळली होती.

आता मी रडले. माझं रडणंही त्या काळी जरा मोठ्या आवाजातच असायचं. मावशी उलट माझीच समजूत घालत बसली. आणि रडता रडता मी बोलून गेले, "मावशी, हिला मी माझ्या घरी नेते. बाळंतपण होईपर्यंत माझ्याकडे राहू दे."

"खुळ्या का काय ताई?" मावशी म्हणाली. "आमच्या सुनंचं बाळंतपन लोकाच्या दारात? भावकी तोंडात शेन घालंल."

"मी मानलेली बहीण समजा."

"तुमच्या मालकाला इचारलंय का?"

"त्यांना काय विचारायचं!" मी म्हणाले. ते त्या वेळी कुर्डुवाडीच्या आसपास कुठेतरी होते, म्हणून मला इतकं धैर्य होतं.

मावशी नाहीच म्हणत राहिली. मग त्या पोरीनंच तोंड उघडलं. मला विचारलं, "काकू, तुमच्या घरापासनं दवाखाना किती लांब हाय?"

"टांग्यानं दहा मिनिटं."

"मधी नदी हाय का?"

"नाही गं. नदी कुठली?"

ती सासूकडे वळली आणि म्हणाली, "आत्ती, मी जाते."

त्याच काहिलीतून, नर्स, बाज आणि सून ह्यांच्यासह मी दौंडला परत आले. काहील फिरली, मला पुन्हा बेट समोर दिसलं, पण मी उठले नाही.

दुसऱ्या दिवशी आमचे हे ड्युटीवरून आले. ओट्यावर एक दिवस भरत आलेली अनोळखी पोर शेंगा फोडत बसलेली त्यांनी पाहिली. पेटी खाली ठेवली, टोपी काढली, आणि मला आत बोलावून हळूच विचारलं, "तू मासे खायला गेली होतीस ना?"

मी सगळं सांगितलं. साडीपर्यंत आले तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. गॉगलचं सांगितलं तेव्हा दुसराही लावला. पण माणूस भला. संध्याकाळी बाजारातून दोन डझन केळी आणि एक टॉवेल घेऊन आले. टॉवेल का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दिवस भरेपर्यंत पोरगी आमच्याकडे अठरा दिवस राहिली. पहिले दोन दिवस गाडीची शिट्टी झाली की दचकायची. तिसऱ्या दिवशी मागच्या अंगणात आली आणि कॉलनीतल्या दोऱ्या बघत उभी राहिली. प्रत्येक क्वार्टरच्या मागे चादरी, साड्या, परकर, रेल्वेचे गणवेश, सगळं फडफडत होतं. मला वाटलं हिला घरची आठवण आली. तर ती अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "काकू, हितं तर घरोघर बाई अडलीया."

मी तिच्याकडे बघतच राहिले. मग ती फिस्सकन हसली. तेव्हा मला कळलं, की ही पोर मुकी नाही, ही आत बसून सगळं बघून ठेवणारी आहे. त्यानंतर ती मला सोडेना. माझं मासे कापणं बघून म्हणे, "मासा मेलेला हाय काकू, त्याला आनि किती मारता?" शेजारणी डोकावायच्या, "कोण हो ही?" विचारायच्या. मी उत्तर द्यायच्या आत ही सांगून टाकायची, "काकूंची साडी वाळत न्हवती, म्हनून आले." मावशी बुधवारी आणि रविवारी येई, पाटी खाली ठेवी, सुनेचं तोंड बघे, आणि मला विकतचे मासे घेऊ देत नसे. नवराही सणसवाडीहून एका सुट्टीला येऊन गेला. बिचारा आमच्या खुर्चीच्या कडेवर तासभर बसला आणि ह्यांच्याशी फक्त इंजिनांविषयी बोलला.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी आम्ही दोघी मेथी निवडत होतो. ती म्हणाली, "काकू, मेथी राहू द्या." आवाज इतका साधा, की मी म्हणाले, "थोडीच राहिलीये." तिनं माझ्या हातातली जुडी काढून घेतली. तेव्हा मला समजलं.

टांगा बोलावला. तिला बसवलं, बोचकं घेतलं, आणि निघालो. आणि वाटेत रेल्वेचं फाटक बंद! समोरून मालगाडी येत होती, कोळशाची, पोट भरलेल्या सापासारखी. माझं दहा मिनिटांचं गणित तिथंच रुतलं. पोरीनं दांडा धरला होता, कपाळावर घाम. दोन कळांच्या मधे ती म्हणाली, "तुम्ही म्हनला हुतासा मधी नदी न्हाई."

मी टांग्यातून उतरून फाटकवाल्याशी भांडले. तो म्हणाला, "बाई, गाडी काय खिशात घालू?" वाघिणीमागून वाघीण, डब्यामागून डबा जात होता. पोरगी त्या मोजायला लागली. तेहतीस, चौतीस, आणि मग "आई गं", आणि पुन्हा पस्तीस. पलीकडे दवाखान्याचं कौलारू छप्पर दिसत होतं. दिसत होतं आणि पोचता येत नव्हतं. चाचांनी तो बांबू का रोवला ते मला मावशीच्या सांगण्यानं कळलं होतं त्यापेक्षा जास्त तिथं कळलं.

शेवटी गार्डाचा डबा आला. त्याच्या दारात हिरवी झेंडी घेऊन कोण उभं असावं? आमचे हे! मला बघून त्यांनी आनंदानं झेंडी हलवली. मी त्यांना उद्देशून जे ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही. फाटकवाला मात्र पुढे कित्येक वर्षं मला बघितलं की नमस्कार करायचा.

फाटक उघडलं. पोचलो. तीच नर्स ड्युटीवर होती. पोरीला आत नेता नेता माझ्याकडे बघून म्हणाली, "आज खरं ना?" बारा वाजायच्या आत मुलगी झाली. मुलगी आणि आई दोघी सुखरूप. बाळ हातात दिलं तेव्हा ते लालबुंद होऊन असं ओरडत होतं, की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली.

मग मी धावत घाटावर गेले. खरंच धावत, चपला हातात घेऊन. काहील लागलेली होती. दोन उतारू आत बसले होते, तिसरा आपल्या शेळ्या आत चढवत होता. चाचा नेहमीसारखे बेटाकडे तोंड करून बसलेले, तोंडात नुकती पेटवलेली बिडी. माझ्या पायांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली.

"चाचा," मी म्हणाले, आणि पुढे दमच लागला.

त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. खरं का, कधी, काय झालं, काही नाही. बिडी पाण्यात टाकली, वल्हं उचललं आणि काहील ढकलली. अर्ध्या शेळ्या आत, अर्ध्या बाहेर, आणि त्यांचा मालक काठावरून बोंबलतोय. काहील चार हात पुढे गेल्यावर मला "पोरगी झाली, दोघी बऱ्या आहेत!" असं ओरडता आलं. चाचांनी मागे न बघता हात वर केला. काहील एकदा गर्रकन फिरली तेव्हा त्यांचं तोंड माझ्याकडे आलं. ते हसत होते. तासाभरात मावशीला घेऊन ते दवाखान्याच्या दारात हजर झाले.

सव्वा महिना आमच्याकडे काढून मायलेकी बेटावर गेल्या. पोचवायला मीही गेले. ह्या खेपेला साधी सुती साडी, पायात सपाट चपला, आणि काहिलीत मी मधे, बाळ मांडीवर घेऊन, कुणी न सांगता गप्प बसून. बेटावर सातही घरांतून गोड केलं होतं. कलिंगडं पिकली होती. मावशीनं एक फोडून अर्धं माझ्यापुढे ठेवलं आणि मी ते हातांनीच खाल्लं, कोपरापर्यंत ओघळ. त्यानंतर पुष्कळ वर्षं मी त्या बेटावर जात राहिले. पुढे मोबाईल आले, पूल झाला, चाचा गेले, पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी निघायच्या वेळी बाळ पाळण्यात होतं. एकाएकी त्यानं असा टाहो फोडला, की मी कलिंगडाच्या हातांनी धावले. मावशी धावली. शेजारची बाई पोळी तव्यावर टाकून आली. चाचा काहील सोडता सोडता थांबून वर आले. नवरा सुट्टीवर होता, तो आंघोळीतून आला. बघतो तर बाळ कोरडं, पोट भरलेलं, मुंगीसुद्धा चावलेली नाही. आम्हाला सगळ्यांना भोवती बघून ते गप्प झालं आणि हाताची मूठ चोखायला लागलं.

सून दाराला टेकून उभी होती. जागची हललीही नव्हती. पोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "काकू, ही तुमच्यावरच गेलीया. काय बी झालेलं नसतं आन् सगळं बेट पळत येतं."